गाळणीत जिरे नव्हते

१

शनिवारी सकाळी साडेसात वाजता माझ्या नातीच्या कारखान्यातील टाकीत डिझेल असायला हवे होते. झाकण उघडले तेव्हा आत साबण होता.

मी त्या वेळी अंबरनाथ पश्चिमेच्या माझ्या घरात चहाबरोबर गोड लोला खात होते. लोला म्हणजे सिंधी घरांतली गुळाची जाड, खुसखुशीत पोळी. उल्हासनगरचे ठाकुरदास पकवानवाले दरवर्षी श्रावणात, राखीपौर्णिमेनंतरच्या आठवड्यात, त्यांच्या थदडीच्या सणाचे ताट मला पाठवतात. यंदाही ते गुरुवारी संध्याकाळी आले होते. मी तीस वर्षे एका मोठ्या कारखान्याचे कँटीन चालवले आहे. बाराशे माणसांच्या पोटाची जबाबदारी माझ्यावर होती आणि माझ्या शब्दाशिवाय तिथे कढई चुलीवर चढत नसे. ठाकुरदास तेव्हापासूनचे ओळखीचे. निवृत्त होऊन अठरा वर्षे झाली, तरी लोक मला अजून ‘बाई’च म्हणतात. द्रौपदी हे नाव आता फक्त पेन्शनच्या कागदावर उरले आहे.

फोन माझ्या नातीचा, प्रीतीचा होता.

“आजी, बॅच गेली. सगळी. साबण झालाय नुसता.”

“राजेंद्र कुठे आहे?”

“समोरच उभा आहे. आजी, प्रज्वलने पत्र तयार केलंय. राजेंद्रकाकांना काढायचं म्हणतोय.”

“मी येईपर्यंत त्या पत्रावर कोणीही सही करायची नाही,” मी म्हणाले आणि लोला तसाच झाकून ठेवला.

२

प्रीतीचा कारखाना अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीत आहे. माझ्या फंडाच्या पैशांतून तो उभा राहिला, आणि तो प्रीतीच्या नावावर करावा हे मीच ठरवले. फरसाणवाले, पकवानवाले, हॉटेलवाले यांच्याकडचे तळून उरलेले तेल ती विकत घेते, त्यात मिथेनॉल आणि कॉस्टिक घालते, आणि त्याचे गाड्यांत चालणारे बायोडिझेल करते. तळाशी ग्लिसरीन बसते, वर डिझेल तरंगते. मात्र तेल फार जळलेले असेल किंवा त्यात पाणी असेल, तर कॉस्टिक त्याचा साबण करून टाकते. म्हणून आधी तेलाचा नमुना तपासायचा आणि त्यावरून कॉस्टिकचे माप ठरवायचे. हे काम राजेंद्रचे. तो बुवापाड्यात राहतो आणि बावीस वर्षे रसायनांच्या कारखान्यांतून काम करत आला आहे.

मी पोहोचले तेव्हा तो टाकीजवळ हात बांधून उभा होता.

“जय भीम, बाई.”

“जय भीम. माप चुकलं का तुझं?”

“नाही चुकलं. नमुन्यावर दोनदा टेस्ट केली मी. तेल एक नंबर होतं. बाई, खोटं बोलायचं असतं तर आधी सुट्टी टाकली असती.”

आतून प्रज्वल बाहेर आला. हा माझ्या मोठ्या मुलाचा मुलगा, पुण्यात वाढलेला. दीड वर्षापूर्वी तो बदलापूरला हेंद्रेपाड्यात राहायला आला, आणि मी प्रीतीला सांगून खरेदीचे काम त्याच्याकडे दिले. दुकानात जायचे, ड्रम भरून घ्यायचे, त्यांना नंबरचे सील लावायचे, नमुन्याची बाटली आणायची, हे सर्व तो पाहतो.

“आजी, बस ना. तू कशाला आलीस उन्हात?”

“उन्हाला मी घाबरत नाही. पत्र दाखव.”

पत्र एका बसकंपनीला लिहिलेले होते. त्या कंपनीच्या पंचवीस गाड्या कामगारांची ने-आण करतात. सोमवारी प्रीतीची पहिली खेप त्यांना जायची होती आणि त्यापुढे वर्षभराचा करार होता. खेप चुकणार हे कळताच त्यांच्या व्यवस्थापकांनी निरोप दिला होता की दुपारी चार वाजता येतो, कारण लेखी द्या. प्रज्वलने लिहिले होते: *कामगाराच्या हलगर्जीपणामुळे कॉस्टिक अधिक पडले. संबंधित कामगार राजेंद्र यास कामावरून कमी केले आहे.*

“माणसाची चूक होती, माणूस काढला, म्हणजे त्यांचं समाधान होतं,” प्रज्वल म्हणाला. “करार वाचतो. सिंपल आहे, आजी.”

राजेंद्र खाली बघत म्हणाला, “हे पत्र एकदा बाहेर गेलं की मला इथल्या एकाही कंपनीच्या गेटातून आत घेणार नाहीत, बाई. पन्नाशीला आलोय मी.”

प्रीती माझ्याकडे पाहत होती. करार गेला तर कारखाना चालणार नाही, हे तिला माहीत होते. पत्र गेले तर राजेंद्र संपेल, हेही तिला माहीत होते. घड्याळात नऊ वाजले होते. माझ्या हातात सात तास होते.

“मला तेलाची गाळणी दाखवा,” मी म्हणाले.

३

टाकीत ओतण्यापूर्वी तेल एका मोठ्या जाळीतून गाळतात. जाळीतला गाळ बादलीत साठतो आणि शनिवारी फेकला जातो. तो अजून फेकलेला नव्हता, हे आमचे नशीब.

मी बादलीत हात घातला. प्रीती “आजी, हातमोजे!” म्हणून ओरडली. तीस वर्षे हात घालूनच मी कढया तपासल्या आहेत. गाळ काळा, चिकट होता. बोटांवर चोळला तर बारीक दाणे लागले. वास घेतला, आणि माझे डोके लख्ख जागे झाले.

“शुक्रवारच्या बॅचमध्ये कुणाकुणाचं तेल होतं?”

“फक्त ठाकुरदासांचं,” प्रीती म्हणाली. “सुदाम रजेवर होता, त्यामुळे बाकीच्या दुकानांचं आलंच नाही. ठाकुरदासांचे सहा ड्रम प्रज्वलने स्वतः आणले, आणि सोमवारची घाई म्हणून मी तेवढ्यावरच बॅच लावली. एरवी पाचशे लिटरमध्ये त्यांचे दोन ड्रम असतात, बाकी दहा दुकानांचं.”

“आणि त्यांच्या नमुन्याची बाटली?”

राजेंद्रने ती आणून दिली. तेल मधासारखे स्वच्छ होते. तळाशी सात-आठ जिऱ्याचे दाणे होते. पकवान म्हणजे मैद्याची कडक पुरी. ती जिरे घातल्याशिवाय होत नाही. ठाकुरदासांच्या कढईत चाळीस वर्षांत पकवानाशिवाय दुसरे काही पडलेले नाही.

मी गाळाची बोटे प्रीतीच्या नाकाजवळ नेली.

“बोंबील?” ती म्हणाली.

“रव्यात घोळून तळलेला. हे दाणे रव्याचे आहेत. या सबंध बादलीत जिऱ्याचा एक दाणा मला काढून दाखवा.”

कोणी दाखवू शकले नाही. बाटलीतले तेल एका कढईतले होते आणि ड्रममधले दुसऱ्या.

“म्हणजे ठाकुरदासने फसवलं!” प्रज्वल चटकन म्हणाला. “मी आत्ताच फोन करून सुनावतो त्याला. आजी, मी पोलिसात देतो त्याला.”

“तू ड्रम भरताना पाहिलेस ना?”

“हो, माझ्यासमोर भरले. शुक्रवारी सकाळी दहाला. पकवान तळणं चालू होतं, मला एक गरमागरम खायलासुद्धा दिलं त्याने. सील मी लावलं. आता त्याने हातचलाखी कधी केली, मला काय माहीत?”

“सील इथे आले तेव्हा शाबूत होते का, राजेंद्र?”

“सहाही शाबूत होते, बाई. नंबर जुळले.”

“प्रीती, आणखी एक सांग. हे पहिल्यांदाच झालं?”

तिने कपाळाला हात लावला. “साबण पहिल्यांदाच. पण चार महिने उतारा कमी येतोय. शंभर लिटरमागे ब्याण्णव निघायचे, आता सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशी. मला वाटलं मशीनमध्ये काही आहे.”

“मशीन खोटं बोलत नाही,” मी म्हणाले. “रिक्षा बोलवा. मला उल्हासनगरला जायचं आहे.”

४

जाताना वाटेत सुदामच्या घरी थांबले. सुदाम आमचा टेम्पो चालवतो. तेलाच्या जवळ जाणारा राजेंद्रनंतरचा माणूस तो, आणि नेमका शुक्रवारी गैरहजर. संशय घ्यायला एवढे पुरेसे होते, आणि मी तो घेतला.

तो ओट्यावर बसून दाढी करत होता. मला पाहून अर्ध्या चेहऱ्यावरच्या फेसासकट उभा राहिला.

“शुक्रवारी कुठे होतास?”

“घरीच व्हतो, बाई. झोपलो व्हतो मस्त.”

“आजारी?”

“नाय ओ. शुक्रवारी उल्हासनगरच्या कँपात टेम्पो फिरवून काय हवा भरून आणू?” तो हसला. मी हसले नाही, तेव्हा त्याने हसू गिळले. “रजा अगोदरच टाकली व्हती. प्रज्वलभाऊंना सांगितलं व्हतं.”

“कारण सांगितलं होतंस?”

“त्यांनी विचारलंच नाय. उलट बोलले, जा बिनधास्त, चावी ठेवून जा. गुरुवारी चार वाजता चावी त्यांच्या हातात दिली मी.”

“ठाकुरदासांचं तेल कधीपासून तू आणत नाहीस?”

“चार-पाच महिनं झालं. भाऊ बोलले, ते मोठं गिऱ्हाईक, मीच बघतो.” त्याने वस्तरा खाली ठेवला. “बाई, कायतरी इस्कोट झालाय का?”

“दाढी पूर्ण कर,” मी म्हणाले.

ठाकुरदासांच्या दुकानात मात्र माझे स्वागत झाले नाही. चाळीस वर्षांत प्रथमच त्यांनी खुर्ची पुढे केली नाही. ते गल्ल्यावर बसून राहिले, आणि पाहत राहिले रस्त्याकडे.

“बाई, आप के पोते ने अभी मुझे फोन पे चोर बोला. बीवी के सामने. मैंने आप को कभी खराब माल दिया? कँटीन के टाइम से?”

“कधीच नाही.”

“तो फिर?”

“तो फिर मी स्वतः आले आहे, ठाकुरदासजी. मुलांना पाठवलं नाही. तुम्ही किती तेल दिलंत?”

“छह ड्रम. बोले तो, साल में एक ही बार इतना निकलता है, सब के घर का ऑर्डर होता है. पूरे छह, एकदम साफ. बॉटल भी मैंने भर के दी.” त्यांचा आवाज थोडा खाली आला. “बैठो, बाई. चाय बोलता हूँ.”

मी बसले. समोर त्यांची मोठी भट्टी होती. कामगार तिच्यावर कढई चढवत होता. भट्टीच्या कडेला हळदीकुंकवाची बोटे उमटलेली होती, आणि एका कोपऱ्यात वाळलेली फुले व तांदळाचे चार दाणे चिकटून राहिले होते. आज तळण सुरू होते, पण पूजेच्या खुणा अजून कोणी पुसल्या नव्हत्या.

मी त्या खुणांकडे पाहत राहिले. चहा निवून गेला. कोणी, केव्हा आणि कशासाठी, हे तिन्ही मला त्या भट्टीने सांगितले होते.  जे नाव पुढे आले ते मला बाहेरचे हवे होते, पण ते घरचे होते.

५

चारला दहा मिनिटे कमी असताना मी कारखान्यात परतले. व्यवस्थापकांची गाडी यायची होती. मी चौघांना ऑफिसात बसवले. सुदामही आला होता, संपूर्ण दाढी करून. टेबलावर ते पत्र होते, आणि शेजारी पेन. प्रज्वलने पेनाचे टोपण काढून ठेवलेले होते.

“चोरी कशाची झाली ते आधी समजून घ्या,” मी म्हणाले. “प्रीती, ठाकुरदासांचं तेल आपण काय भावाने घेतो?”

“पंचावन्न रुपये लिटर.”

“खाणावळीचं काळं तेल?”

“कोणी पस्तीसलाही देतं. मी घेत नाही.”

“आणि असं स्वच्छ, थोडंच वापरलेलं तेल वडे तळणाऱ्या गाडीवाल्याला विकलं, तर?”

राजेंद्र म्हणाला, “ऐंशीपर्यंत देतात, बाई. नवीन तेल दीडशेच्या घरात गेलंय. धंदा चोरून चालतो, पण चालतो.”

“म्हणजे ऐंशीला विकायचं, पस्तीसचं काळं तेल त्याच ड्रममध्ये भरायचं, आणि मधले पंचेचाळीस खिशात घालायचे. ड्रम तेवढेच, वजन तेवढंच. नवे सील लावायला सीलचा गठ्ठा जवळ असला म्हणजे झालं. बाटली मात्र खऱ्या तेलाची. दोन ड्रम बाकीच्या आठ चांगल्या ड्रमांत मिसळले की साबण होत नाही, नुसता उतारा घटतो. चार महिने हेच चाललं होतं.”

प्रज्वल हसला. “सील माझ्याकडे असतात म्हणून मी का? आजी, टेम्पो सुदामचा, गाळणी राजेंद्रची...”

“शुक्रवारी तू गरम पकवान खाल्लंस म्हणालास.”

“हो. खाल्लं.”

“सुदाम, शुक्रवारी कँपात काय होतं?”

“थदडी व्हती ना. सिंध्यांची चूल बंद असते त्या दिवशी,” सुदाम म्हणाला. “घरात पन नाय पेटवत न् आपल्या लायनीतल्या दुकानांत पन नाय. सगळं शिळं खातात. म्हणून तर रजा टाकली मी. ल्हानपनापासून बघतोय.”



“थदडीला सिंधी माणूस अग्नीला विश्रांती देतो,” मी म्हणाले. “चुलीवर पाणी शिंपडतो, कुंकू लावतो, पूजा करतो. ठाकुरदासांच्या भट्टीवर त्या खुणा मी आज पाहिल्या. जे काही तळायचं ते आदल्या दिवशी तळतात, घराघरांच्या ऑर्डरी असतात, म्हणूनच वर्षातून एकदा त्यांच्याकडे दोनाऐवजी सहा ड्रम निघतात. ते गुरुवारी संध्याकाळी भरले गेले. टेम्पोची चावी गुरुवारी चार वाजल्यापासून तुझ्याकडे होती. ड्रम रात्रभर हेंद्रेपाड्यात तुझ्याकडे राहिले, आणि शुक्रवारी इथे आले ते बोंबलाचा वास घेऊन. शुक्रवारी दहा वाजता त्या दुकानात पकवान तर सोड, काडीसुद्धा पेटली नव्हती.”

प्रज्वलचा चेहरा उतरला. तरी तो म्हणाला, “दिवस चुकला असेल माझा. गुरुवारी खाल्लं असेल.”

“मग गुरुवारचं तेल शुक्रवारपर्यंत कुठे होतं, ते सांग.”

त्याने पेनाला टोपण लावले.

“तुला सण माहीत असता, तर तू वाचला असतास,” मी म्हणाले. “त्या दिवशी कँपातल्या बाकीच्या दुकानांतूनही तेल येत नाही. तुझं काळं तेल मिसळून जायला चांगलं तेलच नव्हतं. दोन ड्रम पचले असते. सहाच्या सहा नुसते पडले, म्हणून टाकी गोठली. दर वर्षी ते ताट माझ्या घरी येतं. प्रीतीने त्यातला लोला खाल्ला, चूल का थंड असते ते विचारलं नाही. तू दीड वर्ष त्या दुकानात जातोस. त्या माणसाच्या घरी सण कधी असतो, एवढंही तू विचारलं नाहीस.”

“मी कशाला विचारू?” प्रज्वल एकदम उसळला. “मी कोण आहे इथे? कंपनी हिच्या नावावर, चेकवर सही हिची. मी नातू आहे की पगारी माणूस? दोघंही तुझीच ना आम्ही? तूच ठरवलंस हे!”

ते खरे होते. मीच ठरवले होते, आणि त्याला बोलावून, समोर बसवून, कारण सांगितले नव्हते. माझ्या शब्दाला कारण लागत नाही अशी मला तीस वर्षांची सवय आहे.

“मला येऊन भांडायचं होतंस,” मी म्हणाले. “मी ऐकलं नसतं, तर पुन्हा भांडायचं होतंस. पण ते तेल वड्यांच्या गाडीवर गेलं, प्रज्वल. शाळेतून सुटलेली पोरं ते खातात. मी बाराशे माणसांना कधी जळलेल्या तेलातलं अन्न वाढलं नाही. आणि या माणसाच्या भाकरीवर तू माझ्यादेखत सही मागत होतास. पंचशीलातलं दुसरं शील काय आहे?”

तो मान खाली घालून पुटपुटला, “न दिलेलं घेणार नाही.”

बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. प्रीती उठली. “आजी, त्यांना काय देऊ?”

मी प्रज्वलचे पत्र चार तुकडे करून टेबलावर ठेवले, कोरा कागद घेतला, आणि माझ्या हाताने लिहिले: *खरेदी पाहणारे श्री. प्रज्वल यांनी तेल बदलले. ते माझे नातू आहेत. कामगार राजेंद्र यांचे माप बरोबर होते. यापुढे नमुना बाटलीतून न घेता प्रत्येक ड्रमच्या तळातून घेतला जाईल.* खाली सही केली. प्रीतीनेही केली. मग मी पेन प्रज्वलपुढे सरकवले.

त्याने बराच वेळ घेतला. पण सही केली.

व्यवस्थापकांनी पत्र दोनदा वाचले. त्यांनी राजेंद्रला टाकीजवळ नेऊन अर्धा तास प्रश्न विचारले. आमच्यापैकी कोणालाही नाही. जाताना म्हणाले की दहा दिवस थांबतो, पण लिटरमागे दोन रुपये कमी देईन. प्रीतीने पाठीमागे बोटांवर हिशेब केला. लिटरमागे तीन उरत होते. ती “चालेल” म्हणाली.

रविवारी सकाळी प्रज्वल टाकीत उतरला. फावड्याने साबण खरवडायचा, आणि तो राजेंद्र सांगेल तसा. कामावर राहायचे की नाही, हे टाकी रिकामी झाल्यावर राजेंद्र आणि प्रीतीने ठरवायचे, असे मी सांगितले होते. ते ठरवणे मी स्वतःकडे ठेवले नाही. हे मला सोपे गेले नाही.

संध्याकाळी मी ठाकुरदासांचे ताट घासले. परत करताना ताट रिकामे पाठवायचे नसते, म्हणून नारळाच्या वड्या केल्या आणि प्रज्वलच्या हाती दिल्या.

“काय सांगू त्यांना?” त्याने विचारले. त्याच्या हातांना अजून बोंबलाचा वास येत होता.

“आधी दारात उभं राहून चोर कोण होतं ते सांग. त्यांच्या बायकोच्या समोर. मग ताट दे.”

दीड तासाने तो परत आला. ताटात सहा गरम पकवाने होती, वर कागद झाकलेला. डोळे लाल होते, पण ते मी विचारले नाही.

“म्हणाले, गरम पकवान खाना था ना, ले जा,” प्रज्वल म्हणाला.

मी ताटावर कागद पुन्हा नीट झाकला.

“बुवापाड्यात राजेंद्रचं घर माहीत आहे का तुला?”

“नाही.”

“विचारत जा,” मी म्हणाले, आणि ताट त्याच्या हातात परत दिले. “निवायच्या आत पोहोचव.”